डाव्या पिळाचा सांधा

निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, "आक्का, कॉलेजात तुमी नेमकं काय करत होता वो?" सुरुवातीला मी खरं सांगायची, की इलेक्ट्रॉन किती फिरतो ते मोजायच्या यंत्राची देखभाल करत होते. मग त्या एकमेकींकडं बघायच्या आणि विषय भाजीवर जायचा. हल्ली मी सांगते, दोरे बांधत होते. वडगावच्या विणकराच्या मुलीनं जन्मभर दोरे बांधले यात कुणाला नवल वाटत नाही, आणि ते खोटंही नाही.

आमच्या घरात दोन माग होते. आप्पा साड्या विणायचे. आई मागावर बसायची नाही. तुटलेले धागे सांधायचं काम तिचं, आमच्या घरचे आणि शेजारच्या चार घरांचेही. मी सहा वर्षांची असताना ती तापानं गेली. तिचा चेहरा मला फोटोतला आठवतो, खरा आठवत नाही. तिची बोटं मात्र आठवतात, कायम ओली असलेली. ती गेल्यावर आप्पांनी मला मागाजवळ फिरकू दिलं नाही. "एकदा हाताला सूत लागलं की तू हितंच ऱ्हाशील. शाळंत जा," म्हणायचे. मी शाळेत गेले, मग आयटीआयला, आणि तिथून एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागले. आयुष्यात मी वीतभर कापड विणलं नाही आणि एक धागा सांधला नाही. हे वाक्य मी कितीतरी वर्षं ठासून सांगत आले, म्हणून इथंही आधीच सांगून ठेवते.

आमची प्रयोगशाळा तळघरात होती. खिडकी नाही, वारा नाही, भिंती जाड. मगदूम सरांनी ती मुद्दाम मागून घेतली होती, कारण त्यांच्या प्रयोगाला हादरा चालत नसे. सर निपाणीजवळच्या एका खेड्यातले, जैन शेतकरी घरातले. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी आणि माझ्याशी मराठी. मनासारखं काही झालं की "छलो!", म्हणजे कन्नडमध्ये छान, म्हणायचे आणि बिघडलं तरी "छलो झालं" म्हणायचे, दोन्हींतला फरक कळायला मला पाच वर्षं लागली. सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता, त्यामुळं शास्त्रज्ञ रात्र रात्र जागतात वगैरे प्रकार आमच्याकडं नव्हता. आमचं जे काही अघटित घडलं ते दिवसाढवळ्याच घडलं.

आता त्या कामाबद्दल. सरांच्या खोलीत एक गरागरा फिरणारं स्टूल होतं. नवा माणूस आला की सर त्याला त्यावर बसवायचे, हातात सायकलचं फिरतं चाक द्यायचे आणि चाक उलटं करायला सांगायचे. चाक उलटं केलं की माणूस स्टुलासकट फिरायला लागायचा. प्राचार्यसुद्धा एकदा फिरले होते. "फेर कुठं हरवत नसतो," सर म्हणायचे, "चाकातनं काढला की तुमच्यात येतो." पुस्तकात त्याला कोनीय संवेग म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं फेर म्हणायचो. लोखंडासारख्या वस्तूत इलेक्ट्रॉनांची अशी अगणित चाकं वेड्यावाकड्या दिशांना तोंड करून असतात. त्या वस्तूची बारीक कांडी दोऱ्यानं टांगायची, भोवती तारेचं वेटोळं ठेवायचं आणि विजेचा प्रवाह सोडायचा. सगळी चाकं एका दिशेला उभी राहतात, आणि त्यांच्यातला फेर कांडीत येऊन कांडी आपोआप फिरते. कुणी हात लावलेला नसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

कांडी फिरते ती डोळ्याला दिसणार नाही इतकी थोडी. म्हणून तिला नखाहून लहान आरसा चिकटवायचा आणि त्यावर लाल लेझर सोडायचा. त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर पडतो. कांडी जराशी हलली की ठिपका बोटभर सरकतो. दिवे घालवून आम्ही तासन् तास त्या ठिपक्याकडं बघत बसायचो.

यात माझं काम दोऱ्याचं. दोरा म्हणजे रेशमाच्या कोशातून निघणारा एकेरी तंतू, उजेडात आडवा धरला तरच दिसणारा. सरांची एकच अट होती, दोऱ्याला पीळ नको. पीळ असलेला दोरा मेलेला नसतो. विहिरीवरचा नवा दोर बादली लावून सोडला की कसा गरगर फिरतो ते सगळ्यांनी बघितलंय. पिळाला दमट हवा लागली की तो एकीकडं वळतो, ऊब लागली की दुसरीकडं, आणि कांडी उगाच फिरते. बिनपिळाचा तंतू असलं काही करत नाही. असा तंतू न तोडता टांगणं लॅबमध्ये फक्त मला जमायचं. बाहेरचे लोक बघायला यायचे आणि सर त्यांना सांगायचे, "आमच्या आक्कांचा हात आहे तो." मला ते ऐकायला फार आवडायचं.

हाताची गोष्ट निघालीच आहे तर भैरू पाणाड्याचं सांगते. लोंढ्याकडचा हा माणूस तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातलं पाणी दाखवायचा. कॉलेजच्या आवारात बोअर मारायची होती तेव्हा कुणीतरी त्याला आणलं. जिथं पाणी तिथं नारळ त्याच्या हातावर उठून उभा राहायचा, आणि आमच्या डोळ्यांदेखत राहिला. सरांना राहवलं नाही. त्यांनी त्याला तळघरात आणलं, नारळ दोऱ्याला टांगला आणि खाली पाण्यानं भरलेली बादली ठेवली. नारळ ढिम्म.

"हलत नाही की ओ," सर म्हणाले.

भैरू हसला. "सर, दोऱ्याला काय कळतंय? हाताला कळतंय."

"म्हणजे तुम्हीच फिरवता?"

"मी न्हाय फिरवत. देवाशप्पत. मलाबी ठावं नसतंय. हाताला ठावं असतंय."

तो गेल्यावर सर मला म्हणाले, "खोटं नाही बोलत तो. गवत कुठं हिरवं आहे, माती कुठं मऊ आहे, ते डोळ्यानं बघितलं. डोळ्यानं मनाला सांगितलं नाही, परस्पर हाताला सांगितलं." मला त्या दिवशी खूप हसू आलं होतं. बोअरला पाणी लागलं, तेव्हा मात्र हसले नाही.

निवृत्तीला सहाएक वर्षं उरली असताना गिरिजा आली. कणकुंबीची मुलगी. सरांकडं पीएच.डी.ला लागली. बोलणं फटकळ, कामाला वाघीण. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक चुंबकी कण ती तयार करायची, आणि तेही स्क्रूसारखा पीळ असलेले. कुठल्याशा अमिनो आम्लाच्या संगतीत वाढवले की कण वाढताना वळतात. ती पूड नाकात जाऊ नये म्हणून ती दिवसभर मास्क लावून असायची. तिचा अख्खा चेहरा मी पहिल्यांदा बघितला तो कँटीनमध्ये.

या कणांवर सरांनी आयुष्य पणाला लावलं होतं. जुनं पुस्तक म्हणतं, इलेक्ट्रॉनचे फेर दोन, एक स्वतःपुरता आणि एक अणूभोवतीचा. घट्ट पदार्थात शेजारी अणूंची इतकी दाटी असते की अणूभोवतीचा फेर जवळजवळ दबून जातो, मोजायला उरतो तो पहिला. सरांचं म्हणणं, इतक्या बारीक कणात बहुतेक अणू पृष्ठभागावरच असतात, एका बाजूला शेजारीच नाही, मग दुसरा फेर दबणार कसा? आणि कणालाच पीळ असेल तर डावीकडं फिरणं आणि उजवीकडं फिरणं सारखं कसं असेल? "पुस्तक पुन्हा लिहावं लागेल, आक्का," ते म्हणायचे. वीस वर्षं म्हणत होते. लोक ऐकून घ्यायचे आणि चहा प्यायचे.

गिरिजाच्या पिळाच्या कणांची कांडी तयार झाली तेव्हा ती मी टांगली. त्या दिवसाचा मला फार अभिमान होता. तंतूचं वरचं टोक लाखेनं बसवलं, खालचं कांडीला लावणार एवढ्यात लाईट गेली. तळघरात लाईट गेली की स्वतःचा हात दिसत नाही. मी तंतू धरून तशीच उभी राहिले. दोन मिनिटांनी लाईट आली, बघते तर दोरा दोन्ही हातांत धड. "अंधारातसुद्धा आक्कांचा दोरा तुटत नाही," हे मी स्वतःच चार लोकांना सांगितलं.

मोजमाप आम्ही बंदच्या दिवशी करायचो. शेजारच्या हायवेवरून ट्रक गेला की भिंतीवरचा ठिपका थरथरायचा, पण आमच्या सीमाभागात बंदला तोटा नाही. आज यांचा, उद्या त्यांचा. बंद जाहीर झाला की लोकांची तोंडं उतरायची आणि आम्ही तिघं खूश. एसट्या बंद, ट्रक बंद, दुकानं बंद. एरवी तळघरात पंप आणि लिफ्ट यांची घरघर असायची, त्या दिवशी नुसतं कानात वाजणारं शांत.

पहिल्याच बंदला ते दिसलं. प्रवाह एका दिशेनं सोडला की कांडी डावीकडं जास्त फिरायची, उलटा केला की उजवीकडं कमी. पुस्तकाप्रमाणं दोन्ही सारखं हवं होतं. खात्रीसाठी साध्या पितळेची कांडी दुसऱ्या दोऱ्याला टांगली, ती हललीच नाही. बिनपिळाच्या कणांची कांडी तिच्या वेगळ्या दोऱ्याला टांगली, ती दोन्हीकडं सारखी. पिळाच्या कणांनाच डावी बाजू लाडकी होती. सर स्टुलावर बसले आणि एक गिरकी घेतली. "छलो," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतरच्या बंदला मी घाबरले. सबंध नोकरीत एकदाच, आणि भर दुपारी. सर गावाकडून येऊ शकले नव्हते. गिरिजा आणि मी दोघीच होतो. ती टेबलाशी बसली होती, मी दिवे घालवून कांडीच्या काचपेटीचं झाकण नीट बसलंय का ते वाकून बोटानं चाचपत होते. प्रवाह सुरू केलाच नव्हता.

"आक्का," गिरिजा हळूच म्हणाली, "ठिपका चाललाय."

मी वळून बघितलं. लाल ठिपका भिंतीवरून उजवीकडं सरकत होता, कुणीतरी दमानं पावलं टाकावीत तसा. मी श्वास धरला आणि तो थांबला. पुन्हा वाकले, पुन्हा चालायला लागला.

"वेटोळ्याचं बटण चालू हाय काय गं?"

"न्हाय. प्लगच काढलाय की मी." तिनं प्लग हातात धरून दाखवला.

आम्ही बाहेर गेलो. जिन्यावर कुणी नाही, कॉरिडॉरमध्ये कुणी नाही, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा ठिपका आपल्या जागेवर येऊन बसला होता. गिरिजा पुढं झाली आणि काचपेटीवर वाकली. ठिपका हलला नाही. ती मागं आली, मी पुढं झाले, आणि मी झाकणाशी पोचून दोन श्वास घेतले असतील नसतील, तो निघाला.

गिरिजा मास्कच्या वरून माझ्याकडं बघत होती. "माझ्यासाठी हलत न्हाय ते," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच फिरतंय."

आम्ही पाचसहा वेळा करून बघितलं. सहाही वेळा तेच. शेवटी गिरिजानं सगळे दिवे लावले आणि म्हणाली, "सरास्नी सांगूया नको इतक्यात." मला तेच हवं होतं. त्या दुपारी घरी चालत जाताना माझी सावलीसुद्धा मला परकी वाटत होती.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना मला भैरू पाणाड्या आठवला. हाताला ठावं असतंय. मी तशीच लॅबला गेले. कुणी यायच्या आत कांडी उतरवली, तंतू वरून कापला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बोटभर अंतरापर्यंत तो एकेरी, गुळगुळीत होता. मग एका जागी त्याचे दोन झाले. दोन टोकं एकमेकांवर ठेवून, ओली करून, त्यांना बारीक, अतिशय सुबक पीळ दिला होता. कच्च्या रेशमाला स्वतःचा डिंक असतो, ओलं करून वळलं की ते चिकटतं. तुटलेला धागा कुणीतरी सांधला होता. आणि तो हाताळला होता फक्त मीच.

मी खुर्चीवर बसले. अंधारातली ती दोन मिनिटं आठवून बघितली. तंतू तुटल्याचं आठवेना, बोट ओलं केल्याचं आठवेना. काहीच आठवेना.

सांध्याचा फोटो मोबाईलवर घेतला आणि संध्याकाळी आप्पांना दाखवला. आप्पा तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं गेलेले. माणूस आवाजावरून ओळखायचे, पण सूत अजून दिसायचं. मी काही न सांगता नुसता मोबाईल पुढं केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे कुठं घावलं तुला?" त्यांनी विचारलं.

"का? काय हाय त्यात?"

"तुझ्या आईचं हाय हे."

आप्पा बोटानं हवेत वळण काढून दाखवत होते. "डावा पीळ बघ. समद्या गल्लीत ती एकटीच डावरी. बाकी समद्यांचा उजवा. सांधा बघितला की शेजारचे म्हणायचे, हे वहिनींचं." मग मोबाईल माझ्या हातात परत देत म्हणाले, "चांगलं जपलंस. मला वाटलं समदं संपलं." मी उजव्या हातानं जेवते, उजव्या हातानं लिहिते, उजव्या हातानं पेचकस फिरवते. त्यांना मी काहीही सांगितलं नाही.

आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगते. मला सगळं कळलं होतं. वेटोळ्यात प्रवाह सोडला की ते गरम होतं, त्या ऊबेनं सांध्याचा पीळ दर वेळी एकाच बाजूला, डावीकडं, वळत होता. प्रवाह कुठल्याही दिशेनं सोडा, डावीकडच्या फेरात भर आणि उजवीकडच्यात घट. सरांची वीस वर्षं आणि गिरिजाचा प्रबंध माझ्या एका सांध्याला टांगलेला होता. मी वर जाऊन सांगायला हवं होतं. पण चारच दिवसांवर गिरिजाचं व्याख्यान होतं, बाहेरून तज्ज्ञ यायचे होते. आणि मला जी भीती होती ती वेगळीच. "अंधारातसुद्धा दोरा तुटत नाही" म्हणणारी आक्का आता काय सांगणार, की तुटला, आणि मेलेल्या आईनं सांधला? मी तोच तंतू होता तसा पुन्हा टांगला आणि गप्प बसले. आठ दिवस.

गिरिजा छान बोलली. मास्कशिवाय, हिरवी साडी नेसून. तज्ज्ञांपैकी एकानं उठून "हे खरं असेल तर पुस्तक बदलावं लागेल" असं म्हटलं, तेव्हा तिनं शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडं बघितलं आणि हसली. मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

आठव्या दिवशी मी दोघांना तळघरात बोलावलं, तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. आईचं आणि त्या दुपारचं तेवढं वगळून. सर वाकून बघत राहिले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा म्हणाले, "छलो झालं. छापून यायच्या आधी सापडलं." पाच वर्षांत शिकलेला फरक मला लगेच कळला. मग त्यांनी फळ्यावरची गणितं स्वतःच्या हातानं पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश.

"आणि आक्का जवळ आल्या की फिरतंय ते?" गिरिजानं विचारलं. त्या दुपारबद्दल सरांना तेव्हाच कळलं.

"श्वास," सर म्हणाले. "दमट श्वास झाकणाच्या फटीतनं पिळाला लागतो. तुझा मास्कमध्ये अडतो. आक्कांचा अडत नाही." इतकं सोपं होतं ते.

गिरिजा माझ्याकडं वळली. "कधी बघितला तुमी हा सांधा?"

"आठ दिवस झाले."

"म्हणजे मी तिथं उभी ऱ्हाऊन बोलत होते तवा तुमास्नी ठावं होतं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "ठीक आहे, मॅडम," म्हणाली आणि जिना चढून गेली. त्या दिवसापासून मी तिची मॅडम झाले.

नवा तंतू तिनं स्वतः टांगला. बारा तोडले, तेरावा टिकला. मला तिनं हात लावू दिला नाही आणि मी मागितलाही नाही. कांडी दोन्हीकडं सारखी फिरली. ज्या तज्ज्ञांसमोर ती बोलली होती त्या प्रत्येकाला तिनं आपली चूक झाली असं पत्र लिहिलं, आणि पत्रात माझं नाव घातलं नाही. सरांचं अर्धं म्हणणं मात्र तगलं. एकूण फेर पुस्तकापेक्षा जरासा वेगळा भरत होता. पृष्ठभागावर तो दुसरा फेर थोडा का होईना जिवंत होता. पुस्तकात एक तळटीप वाढेल एवढंच. त्यावर गिरिजाला पदवी मिळाली, दीड वर्ष उशिरा. सर त्याआधीच निवृत्त होऊन गावी गेले.

जायच्या आधी एकदा मी त्यांना आईचं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं शांत ऐकलं. "सहा वर्षांच्या पोरीनं बघितलं," ते म्हणाले, "मनाला सांगितलं नाही, हाताला सांगून ठेवलं." पटण्यासारखंच होतं. घरी येऊन मी रेशीम घेतलं आणि सांधा घालायला बसले. उजव्या हातानं, डाव्या हातानं, डोळे मिटून, दिवे घालवून. कितीतरी महिने रोज बसत होते. एकदाही जमला नाही. आप्पा समोर बसून बघायचे. पुढं तेही गेले.

माझा निरोप समारंभ कॉलेजच्या सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, हार, सगळं रीतसर. गिरिजा बाहेरगावच्या नोकरीतून रजा काढून आली होती. तिला माझ्या शेजारीच खुर्ची दिली होती. "कशा आहात मॅडम," एवढं बोलून ती समोर बघत बसली. मग सर बोलायला उठले. त्यांनी भैरू पाणाड्याची गोष्ट काढली आणि ती त्यांच्या पद्धतीनं इतकी रंगवली की सभागृह हसून लोटपोट झालं. मीही हसत होते. मांडीवर नारळ होता, त्याच्यावर शालीचा पदर.

कुणीतरी माझं मनगट धरलं. गिरिजा होती. ती खाली बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"आक्का," ती म्हणाली. दोन वर्षांनी म्हणाली. "हात हलवू नका."

मी खाली बघितलं. शालीच्या काठाला दशा सोडलेल्या होत्या, नुसते मोकळे धागे. त्यातल्या निम्म्या आता मोकळ्या नव्हत्या. दोन दोन दशा घेऊन एकत्र वळलेल्या, ओळीनं, एकसारख्या, बारीक आणि सुबक. टोकं ओली होती. सगळ्यांचा पीळ डावा होता. माझा उजवा हात नारळावर निवांत पडला होता आणि डाव्या हातात पुढची दशा होती.

"मगाधरनं बोट तोंडाला लावाय लागलाय तुमी," गिरिजा कुजबुजली. "तुमास्नी कळंना काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती त्या ओळीकडं बघत राहिली आणि मग तिनं माझं मनगट सोडलं. तिचे डोळे भरले होते. "तो सांधा तुमी केलाच नव्हता व्हय," ती म्हणाली.

सर बोलत होते, लोक हसत होते. डाव्या हाताची बोटं उचलली गेली, ओठांना लागून ओली झाली आणि परत येऊन पुढच्या दोन दशा वळायला लागली. इतक्या वर्षांनी मी आईला काम करताना बघत होते. सरांचं भाषण संपेपर्यंत मी तिला अडवलं नाही.